आरए फॅक्टर निगेटिव्ह, म्हणून आमवात नाही?

'आरए फॅक्टर निगेटिव्ह आलाय, म्हणजे वात नाही.' सांगली-मिरजेकडे ही समजूत घट्ट बसली आहे आणि तिच्यापायी सकाळी तासभर आखडणारी बोटं अंगावर काढली जातात. हा फॅक्टर म्हणजे रक्तातलं एक प्रतिपिंड (अँटीबॉडी). तो क्षयरोगात, हिपॅटायटिस सीमध्ये, उतारवयात निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येतो. उलट आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थरायटिसच्या) सुरुवातीला अनेकांत तो सापडतच नाही.

सांधा पुढे किती झिजेल याचा अंदाज अँटी-सीसीपी ही रक्तचाचणी जास्त चांगला देते. आमवात नसलेल्या १०० जणांपैकी साधारण ९५ जणांत ती निगेटिव्ह येते. मात्र आमवाताच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांतही ती निगेटिव्हच असते.

ही चाचणी नेमकं काय पकडते? प्रथिनांतल्या आर्जिनिन या अमिनो आम्लावर धन भार असतो. कॅल्शियम मिळालं की पॅड नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं सिट्रुलिन करतं. भार जातो, प्रथिनाची घडी सैल पडते. बिडी-सिगारेटच्या धुराने हे फुफ्फुसात वाढतं. हिरड्या सडवणाऱ्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जिवाणूकडे तर स्वतःचं पॅड असतं. एचएलए-डीआरबी१ जनुकाची काही रूपं असलेल्यांत हे बदललेले तुकडे परके ठरतात आणि प्रतिपिंडं तयार होतात, कधीकधी बोटं दुखण्याच्या कित्येक वर्षं आधी. अँटी-सीसीपी हीच प्रतिपिंडं पकडते. पुढे सांध्याचं सुजलेलं अस्तर रँकल हे प्रथिन सोडतं, त्यातून हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात. कूर्चेचं आवरण जिथे संपतं, त्या उघड्या कडेलाच हाड पहिल्यांदा कुरतडलं जातं.

अँटी-सीसीपीच्या रिपोर्टमध्ये नुसतं 'पॉझिटिव्ह' पाहू नका, आकडा पाहा. लॅबच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल, तर आमवात ठरवण्याच्या २०१० च्या निकषांत त्याला जास्त गुण आहेत. ही चाचणी दर महिन्याला करण्यात पैसे घालवू नका. उपचार लागू पडतात का, हे सीआरपी ही सूज मोजणारी रक्तचाचणी दाखवते. सूज दाखवणारी दुसरी चाचणी म्हणजे ईएसआर, पण तो रक्तक्षयातही वाढतो. शिवाय जत किंवा आटपाडीहून घेतलेला नमुना सांगलीला पोचेपर्यंत चार तासांहून जास्त बाहेर राहिला, तर ईएसआर खोटा कमी येतो.

'वात मुळापासून बरा' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड सापडलेलं आहे. सूज उतरते, पण साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि निदान लांबतं.

निदानाच्या वेळी दोन्ही हातांबरोबर दोन्ही पावलांचाही एक्स-रे काढून घ्या. पायाच्या करंगळीच्या बुडाशी असलेला सांधा पाऊल दुखत नसतानाही लवकर कुरतडला जातो, आणि फक्त हातांचा एक्स-रे काढला तर तो नजरेतून सुटतो.