कागदावरचे घोडे आणि पाव मैलाचा हिशोब

जुनी अमेरिकन मसल कार (मोठ्या, ताकदवान इंजिनाची गाडी), इंजिन बदललेलं, त्याचे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदललेला, मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो बदललेला, आणि मालक विचारतो की ही गाडी पाव मैल किती सेकंदात काढेल. उत्तर देणारे दोन आकडे मागतात, वजन आणि हॉर्सपॉवर (एचपी), आणि एका ओळीच्या सूत्रात टाकून सांगतात साडेअकरा किंवा साडेबारा. पण ते सूत्र आलं कुठून आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा हे समजायचं तर सत्तर-ऐंशी वर्षं मागे जावं लागतं, कारण या सगळ्या प्रकाराच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, कंपनीने छापलेल्या हॉर्सपॉवरवर लोकांचा भरवसा नव्हता आणि शर्यतीच्या सरळ पट्टीवरच्या घड्याळावर होता.

सुरुवात कॅलिफोर्नियात. १९३० च्या दशकात मोहावी वाळवंटातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर पोरं गाड्या पळवायची, १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, पण तिथे मोजायचे ते टॉप स्पीड. उभ्या गाडीने सुटून ठराविक अंतर किती वेळात कापलं ही मोजणी खऱ्या अर्थाने रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, रिकाम्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर. १९५० मध्ये सांता ॲनाच्या विमानतळावर सी. जे. हार्टने तिकीट लावून नियमित ड्रॅग रेस सुरू केल्या, १९५१ मध्ये वॉली पार्क्सने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन म्हणजे एनएचआरए उभी केली, आणि पाव मैल, १३२० फूट, हे माप पक्कं झालं. (आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या त्याही अशाच, विमानाच्या पट्टीवर.)

पट्टीवर दोन आकडे मिळतात. एक इटी, म्हणजे सुटल्यापासून शेवटपर्यंत लागलेला वेळ, आणि दुसरा ट्रॅप स्पीड, म्हणजे शेवटच्या छोट्याशा टप्प्यातला सरासरी वेग. घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर नाही तर गाडीचं चाक प्रकाशाच्या किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होतं, त्यामुळे ड्रायव्हर झोपला तरी इटीला फरक पडत नाही, आणि तोपर्यंत गाडी साधारण फूटभर पुढे सरकलेलीही असते. हे नीट समजून घ्या, कारण रस्त्यावर मोबाईलच्या ॲपने मोजलेला वेळ आणि पट्टीवरची इटी जुळत नाही म्हणून भांडणारे खूप भेटतात.

मग आला १९६४ चा पाँटिॲक जीटीओ. मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचाचं मोठं इंजिन, साधं ३२५ एचपी आणि तीन कार्बोरेटरवालं ३४८. इथून आकड्यांची स्पर्धा लागली आणि इथूनच आकडे बिघडले. एक तर ते ग्रॉस हॉर्सपॉवर होते, म्हणजे इंजिन एकटं टेस्ट बेंचवर, एअर क्लीनर नाही, गाडीचा खरा एक्झॉस्ट नाही, अल्टरनेटरचा भार नाही. दुसरं म्हणजे विम्याचे हप्ते, कंपन्यांची अंतर्गत बंधनं आणि रेसिंगमधले क्लास म्हणजे गट यांच्यामुळे काही इंजिनांचे आकडे मुद्दाम खाली छापले गेले. फोर्डचं ४२८ कोब्रा जेट ३३५ एचपी म्हणून जाहीर झालं आणि १९६८ च्या विंटरनॅशनल्सला, म्हणजे एनएचआरएच्या पोमोनातल्या स्पर्धेला, त्याने सुपर स्टॉक हा गट जिंकला, ३३५ वर कोणाचा विश्वास बसणार? कॅमारो झी-२८ चं ३०२ इंजिन २९० एचपी सांगायचे, तेही तसंच. म्हणजे एकीकडे फुगवलेले आकडे, दुसरीकडे दाबलेले आकडे, आणि १९७१ मध्ये जनरल मोटर्सने ग्रॉस आणि नेट (म्हणजे गाडीत असतं तसं सगळं जोडून मोजलेले) दोन्ही छापले तेव्हा कॉर्व्हेटचं एलएस-५ ४५४ ग्रॉस ३६५ आणि नेट २८५ निघालं! तेच इंजिन, तीच गाडी. १९७२ पासून सगळे नेटवर आले, आणि आजही कित्येक जण १९७० आणि १९७२ चे आकडे शेजारी ठेवून इंजिन एका वर्षात मेलं असं म्हणतात. कॉम्प्रेशन कमी झालं होतं हे खरंच, पण त्या घसरणीतला मोठा वाटा मोजणीच्या पद्धतीचा होता.

या गोंधळात रॉजर हंटिंग्टन नावाचा इंजिनिअर-लेखक फार मोलाचं काम करून गेला असं माझं ठाम मत आहे. अमेरिकन मासिकांत तो गाड्यांवर लिहायचा, आणि खूप गाड्यांचे पट्टीवरचे निकाल बघून त्याने एक साधं नातं मांडलं: ट्रॅप स्पीड ताशी मैलांत म्हणजे एचपी भागिले पौंडांतलं वजन, त्याचं घनमूळ, आणि त्याला साधारण २२५ ने गुणायचं. ते उलटं फिरवलं की वजन आणि वेगावरून खरी हॉर्सपॉवर मिळते, कंपनी काय छापते ते बाजूला राहू द्या.

घनमूळच का, याचं उत्तर १९७३ मध्ये जेफ्री फॉक्सने अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये दिलं. गाडीला सतत एकसारखी पॉवर मिळते असं धरलं तर वेळ वजन-भागिले-पॉवरच्या घनमुळाच्या प्रमाणात येतो आणि वेग त्याच्या उलट. हे आपण स्वतःही करून बघू शकतो. काहीच वाया गेलं नाही असं धरलं तर २२५ च्या जागी २८१ येतात. म्हणजे २२५ वाली गाडी तिच्या इंजिनाच्या जाहीर पॉवरचा साधारण निम्मा भागच वेगात बदलते, बाकी गिअरबॉक्स, ॲक्सल, हवेचा विरोध, चाकांचं घसरणं, गिअर बदलताना गेलेला वेळ, आणि अर्थात ग्रॉस आकड्यातली फुगवट.

याच गणितातून आणखी एक सुंदर गोष्ट निघते जी फारसं कोणी सांगत नाही. आदर्श गाडीत इटी आणि ट्रॅप स्पीडचा गुणाकार नेहमी १३५० येतो, पॉवर कितीही असो, वजन कितीही असो. खऱ्या गाडीत तो जितका वर तितकं सुटताना वाया गेलं. १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ एलएस-६ चा त्या काळच्या मासिकातला एक गाजलेला निकाल आहे, १३.४४ सेकंद आणि ताशी १०८.१७ मैल, गुणाकार १४५४. इंजिन जबरदस्त, पण अरुंद बायस-प्लाय (जुन्या बांधणीचे) टायर नुसते धूर काढायचे. म्हणून लक्षात ठेवा, ट्रॅप स्पीड इंजिनाबद्दल बोलतो आणि इटी टायर-सस्पेन्शनबद्दल, दोघांना एकच प्रश्न विचारू नका.

१९८० च्या दशकात पॅट्रिक हेलने कॉम्प्युटर प्रोग्राम लिहिले, क्वार्टर ज्युनिअर आणि क्वार्टर प्रो, ज्यात गिअर रेशो, टॉर्क कर्व्ह, कन्व्हर्टर, टायर सगळं भरता येतं. त्याच्या अभ्यासातून सोप्या सूत्राचे नवे स्थिरांक आले, वेगासाठी २३४ आणि इटीसाठी ५.८२५ (याला वजन-भागिले-पॉवरच्या घनमुळाने गुणायचं). हंटिंग्टनच्या इटीसाठी साधारण ६.२९ धरतात. फरक छोटा वाटतो पण तसा नाही. ड्रायव्हरसकट ३५०० पौंडांची कॅमारो आणि ४५० एचपी घ्या, हेलच्या आकड्याने ११.५४ सेकंद आणि ताशी ११८ मैल, हंटिंग्टनच्या इटीने जवळपास १२.४६. जवळजवळ एक सेकंदाची तफावत! दोन्ही बरोबर आहेत, एक स्लिक (रेसिंगचे गुळगुळीत, घट्ट पकडीचे) टायर आणि नीट बसवलेल्या गाडीसाठी, दुसरा त्या काळातल्या रस्त्यावरच्या गाडीसाठी. मॉडिफाय केलेली गाडी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसते, आणि कुठे ते इंजिनापेक्षा मागचं सस्पेन्शन जास्त ठरवतं, म्हणून इंजिनावर सगळा पैसा घालून टायरला शेवटी बघू म्हणणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं. त्याच कॅमारोत ५० एचपी वाढवले तर सूत्राप्रमाणे ०.४ सेकंद मिळतात. १०० पौंड कमी केले तर साधारण एक दशांश सेकंद, जुने लोक हे तोंडी हिशोबाने सांगायचे आणि सूत्र तेच सांगतं.

राहिली हवा. डेन्व्हरजवळची बँडिमिअर पट्टी ५८०० फूट उंचीवर होती, २०२३ मध्ये बंद झाली. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं इंजिन हजार फुटांमागे ढोबळमानाने तीन टक्के पॉवर गमावतं, म्हणजे तिथे सतरा टक्क्यांच्या आसपास, घनमूळ घेतलं की वेळेत सहा टक्के. समुद्रसपाटीवर १२ सेकंदांची गाडी तिथे १२.७ काढायची आणि गाडीत दोष काहीच नसायचा. एनएचआरए उंचीवरच्या पट्ट्यांसाठी दुरुस्तीचे गुणक वापरते ते म्हणूनच.

१९७० च्या दशकात ब्रॅकेट रेसिंग वाढलं तेव्हा अंदाज हाच खेळ झाला. ड्रायव्हर आपली गाडी किती सेकंद काढेल ते काचेवर लिहितो, त्याला डायल-इन म्हणतात, हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात, आणि लिहिल्यापेक्षा कमी वेळ लागला तर तो ब्रेकआउट, बहुतेक वेळा हार. त्यामुळे नोव्हा, डार्ट अशा जुन्या गाड्यावाले आज प्रत्येक फेरीआधी तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब बघून डायल-इन सेकंदाच्या शंभराव्या भागाने पुढे-मागे करतात. त्यांच्या ट्रेलरमध्ये छोटं वेदर स्टेशन असतं आणि सोबत मागच्या सगळ्या फेऱ्यांची वही, पहिल्या ६० फुटांच्या वेळेसकट, कारण तिथे गेलेला एक दशांश शेवटी दीड ते दोन दशांश होऊन अंगावर येतो.