गाडीच्या रंगावरील गोल ओरखडे आणि पॉलिशचे विज्ञान

मोटारीला पॉलिश करणे म्हणजे तिच्या रंगावर चमक चढवणे, हा समज इतका रूढ आहे की पॉलिशच्या जाहिरातीही त्याच भाषेत बोलतात. प्रत्यक्षात यंत्राने पॉलिश करताना रंगावर काहीच चढत नाही. रंगाचा अत्यंत पातळ थर कायमचा निघून जातो आणि उरलेला पृष्ठभाग अधिक सपाट असल्यामुळे चकाकतो. वॅक्सचे, म्हणजे मेणाचा संरक्षक थर देण्याचे, काम त्यानंतरचे आणि पूर्णपणे निराळे. या दोन्ही क्रियांची गल्लत झाली की कुणी धडधाकट रंग उगाच झिजवत बसतो, तर कुणी वॅक्सने कधीच न जाणाऱ्या ओरखड्यांवर वॅक्सचे थर देत राहतो.

आधी रंगाची रचना पाहू. हल्लीच्या मोटारीच्या पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया केलेली असते, त्यावर विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक प्रायमर असतो, मग पृष्ठभाग सारखा करणारा दुसरा प्रायमर, मग रंगद्रव्य असलेला बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्याला जी चमक दिसते ती सगळी या क्लिअर कोटच्या वरच्या पृष्ठभागाची असते. खालचा बेस कोट एकटा पाहिला तर निस्तेजच दिसतो.

आता त्या प्रसिद्ध गोल ओरखड्यांकडे वळू, कारण या विषयातील सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र तिथे आहे. गडद रंगाची गाडी उन्हात उभी असली की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी एकात एक वर्तुळे दिसतात. कपडा गोल गोल फिरवून पुसल्यामुळे ते ओरखडे गोल उमटले, असे बहुतेकांना वाटते. तसे असते तर वर्तुळे जागची हलली नसती. पण आपण एक पाऊल बाजूला सरकलो की सूर्याचे प्रतिबिंब सरकते आणि वर्तुळांचे केंद्रही नेमके त्याच्याबरोबर सरकते. दोन दिव्यांच्या प्रकाशात त्याच पत्र्यावर दोन स्वतंत्र जाळी दिसतात, आणि आकाश पूर्ण ढगाळलेले असेल तर उन्हातले जाळे नाहीसे होते. म्हणजे वर्तुळे पत्र्यावर कोरलेली नाहीत. पत्र्यावर आहेत ते सर्व दिशांना पसरलेले, बहुतांशी सरळ, हजारो सूक्ष्म ओरखडे; त्यांतले कोणते आपल्या डोळ्यांना दिसावेत याची निवड प्रकाश करतो.

ही निवड कशी होते? सपाट पृष्ठभागावर आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे शाळेत शिकलेले असते. त्यामुळे सपाट बॉनेटवर एकाच बिंदूपाशी सूर्याचा किरण परावर्तित होऊन आपल्या डोळ्यात येतो. तिथे आपल्याला सूर्याचे प्रतिबिंब दिसते. त्या बिंदूला म म्हणू. म पासून थोड्या अंतरावरील दुसऱ्या बिंदूपाशी पृष्ठभाग सपाट असेल तर तिथला परावर्तित किरण डोळ्याला चुकवून जातो. तो डोळ्यात यायचा असेल तर तिथला पृष्ठभाग किंचित म च्या दिशेने कललेला हवा. असा कललेला पृष्ठभाग पुरवतो तो ओरखडा. ओरखड्याला नांगराच्या तासासारख्या दोन बाजू असतात आणि त्या फक्त त्याच्या लांबीशी काटकोनात असलेल्या दिशांना कललेल्या असतात, लांबीच्या दिशेने कधीच नाहीत. म्हणून बाजू म कडे कललेली असण्यासाठी ओरखडा स्वतः म कडे जाणाऱ्या रेषेला काटकोनात असावा लागतो. एखाद्या बिंदूभोवती प्रत्येक ठिकाणी त्रिज्येला काटकोनात असलेले छोटे रेषाखंड काढत गेलो तर कोणती आकृती तयार होते? एकात एक वर्तुळे. त्रिज्येच्या दिशेने गेलेले ओरखडेही तितकेच असतात, पण त्यांचा प्रकाश दुसरीकडे जातो आणि ते त्या क्षणी अदृश्य राहतात. डोके हलवले की निवड बदलते: मघाचे चमकणारे विझतात आणि मघाचे लपलेले चमकू लागतात.

तिरप्या नजरेने पाहिल्यास ही वर्तुळे थोडी लांबट होतात, पण तत्त्व बदलत नाही. याला एक खरा अपवाद आहे. चुकीच्या पद्धतीने फिरवलेल्या रोटरी यंत्रामुळे (पॉलिशची चकती, म्हणजे पॅड, मध्याभोवती फिरवणाऱ्या यंत्रामुळे) एकमेकांना समांतर असे सूक्ष्म ओरखडे पट्ट्यापट्ट्यांनी उमटतात आणि उन्हात त्यांची खोल दिसणारी, सरकती सावलीसारखी आकृती तयार होते. कारागीर त्याला होलोग्राम म्हणतात. तिथे ओरखड्यांच्या दिशेतच शिस्त असते, म्हणून आकृतीला स्वतःचा आकार असतो.

काळ्या गाडीवर हे जाळे ठळक आणि पांढऱ्या गाडीवर जवळजवळ अदृश्य का, याचेही उत्तर साधे आहे. क्लिअर कोटचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात शिरताना किती वळतो याचे माप) सुमारे १.५ असल्यामुळे सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी फक्त ४ टक्के प्रकाश वरच्या पृष्ठभागावरून परततो. उरलेला ९६ टक्के आत जातो. काळा बेस कोट तो जवळजवळ सगळा शोषून घेतो, त्यामुळे ओरखड्यांची चकाकी अंधाऱ्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. पांढरा बेस कोट त्यातला बराचसा सर्व दिशांना परत पाठवतो आणि त्या उजेडात चकाकी बुडून जाते. पांढऱ्या गाडीचा रंग कमी ओरखडतो, हे मत यातूनच निघाले आहे. दोन्हींवरचा क्लिअर कोट त्याच जातीचा असतो.

मग पृष्ठभाग किती सपाट झाला म्हणजे तो आरशासारखा वाटतो? यासाठी रॅले या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक निकष आहे: पृष्ठभागावरील उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण एक अष्टमांशाहून लहान असतील, तर प्रकाशाच्या दृष्टीने तो पृष्ठभाग गुळगुळीत मानता येतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते; नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. मधली ५५० नॅनोमीटर घेतली तर सरळ नजरेसाठी ही मर्यादा सुमारे ७० नॅनोमीटर येते. मात्र या निकषात कोनाचाही वाटा आहे. आपतन कोनाच्या कोसाइनने ही मर्यादा भागावी लागते. ८० अंशांच्या तिरप्या कोनात ती जवळपास ४०० नॅनोमीटरपर्यंत वाढते. म्हणूनच निस्तेज पत्राही अगदी तिरक्या नजरेने पाहिला तर तुकतुकीत भासतो, आणि पॉलिशचे काम तपासताना समोरून, एकाच तीव्र दिव्याखाली पाहावे लागते.

सत्तर नॅनोमीटरपर्यंत पोहोचण्याचा मार्ग न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. काचेला पॉलिश करणे म्हणजे तिचे उंचवटे झिजवत झिजवत ओरखडे इतके बारीक करणे की ते दिसेनासे व्हावेत, असे त्याचे म्हणणे होते. गाडीच्या बाबतीत हे वर्णन चपखल बसते. ओरखडा भरून निघत नाही. त्याच्या भोवतालचा सगळा पृष्ठभाग त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत खाली आणावा लागतो. ओरखडा ३ मायक्रॉन खोल असेल, तर तो पूर्ण घालवण्यासाठी त्या भागातला क्लिअर कोट ३ मायक्रॉननी कमी करण्यावाचून गत्यंतर नाही. बोटाचे नख अडकावे इतका खोल ओरखडा पॉलिशने घालवू पाहणे म्हणूनच धोक्याचे आहे. त्याच्या कडा थोड्या गोलसर करून तो कमी उठून दिसेल इतके पाहावे आणि थांबावे.

कंपाउंड आणि पॉलिश यांत घर्षक म्हणून बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. कंपाउंडमधले कण भरड, पॉलिशमधले बारीक. काही मिश्रणांत कणांचे पुंजके असतात आणि घासताना ते फुटून आणखी बारीक होत जातात. काहींत कण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसेच राहतात. कण रंगात किती खोल रुतेल हे त्याच्या आकाराइतकेच त्याला मागून रेटणाऱ्या पॅडवर ठरते. लोकरीचे पॅड जोरात कापते, कडक फोम त्याहून कमी, आणि मऊ फोम कणाला जेमतेम टेकवून ठेवतो. भरड कणांनी मोठे ओरखडे काढायचे, मग भरड कणांनी केलेले ओरखडे बारीक कणांनी काढायचे, अशी ही साखळी आहे.

किती रंग निघेल याचा हिशेब काच उद्योगाने आधीच करून ठेवला आहे. १९२७ साली प्रेस्टन या संशोधकाने काचेच्या पॉलिशसाठी मांडलेल्या नियमानुसार झिजेचा वेग हा दाब आणि घर्षणाचा वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. हा नियम हातातल्या यंत्राला लावून पाहू. रोटरी यंत्राचे पॅड स्वतःच्या मध्याभोवती फिरते. १५० मिलिमीटर व्यासाचे पॅड मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर होतो आणि मध्याचा वेग शून्य. ड्युअल अॅक्शन यंत्रात पॅडचा मध्य एका छोट्या वर्तुळात फिरतो आणि पॅड स्वतःभोवती सैलपणे, सावकाश वळत राहते. ते वर्तुळ १५ मिलिमीटर व्यासाचे आणि फेरे मिनिटाला ४,००० धरले, तर पॅडच्या प्रत्येक बिंदूला सेकंदाला सुमारे ३ मीटर वेग मिळतो, कडेला आणि मध्याला जवळजवळ सारखाच. रोटरी जलद का कापते, तिच्या कडेखाली रंग लवकर का तापतो आणि नवशिक्याच्या हातात ड्युअल अॅक्शन का द्यावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या दोन आकड्यांत आहेत.

नियमातला दुसरा घटक दाब. बॉनेटच्या घडीवर किंवा दाराच्या धारेवर पॅड टेकते तेव्हा हाताचा तोच जोर अगदी थोड्या क्षेत्रावर पडतो, दाब अनेक पटींनी वाढतो आणि झीजही. त्यात ओला रंग पृष्ठताणामुळे धारेवरून मागे सरकलेला असल्यामुळे थरही तिथे मुळातच पातळ असतो. म्हणून जाणते कारागीर धारांवर आधी मास्किंग टेप लावतात. ड्युअल अॅक्शनवर जोर दिला तर वेगळेच घडते: पॅडचे वळणे थांबते, नुसती थरथर उरते आणि कापणे मंदावते. पॅडच्या मागच्या चकतीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवली की पॅड वळते आहे की नाही हे काम करतानाच दिसत राहते.

प्रत्यक्ष कामात गाडी स्वच्छ धुऊन, चिकटलेले कण क्ले बारने, म्हणजे मऊ मातीसारख्या वडीने, काढून, साधारण दोन वितींच्या चौरसावर आधी चाचणी घेतात. पॅडवर पॉलिशचे तीन-चार थेंब, यंत्र सुरू करण्यापूर्वी ते पृष्ठभागावर टेकवून पसरवणे, मग सावकाश, एकमेकांवर निम्मे चढणारे आडवे आणि उभे फेरे. पॉलिशचा थर धूसर असतो तो हळूहळू पारदर्शक होतो. तिथे थांबून मायक्रोफायबर कपड्याने पुसावे आणि दिव्याखाली पाहावे. सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिश यांनी काम भागत असेल तर पुढे जाऊ नये. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. थर जितका पातळ तितके हे संरक्षण कमी, आणि गेलेला थर परत येत नाही. जाडी मोजणारे यंत्र मिळते, पण नेहमीची यंत्रे सर्व थरांची एकूण जाडी सांगतात, एकट्या क्लिअर कोटची नाही. प्लास्टिकच्या बंपरवर ती चालतही नाहीत, आणि तिथेच उष्णता वाहून न्यायला खाली पत्रा नसल्यामुळे रंग सर्वांत आधी तापतो.

वॅक्सकडून काय अपेक्षा ठेवावी? कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते आणि ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. पुसून काढल्यावर उरणारा त्याचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. तो पाणी आणि मळ यांना रंगापासून थोडा दूर ठेवतो आणि काही आठवड्यांत निघून जातो. काही पॉलिश आणि वॅक्समधील तेले मात्र ओरखडे खरोखर झाकतात. तेलाचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास, क्लिअर कोटचा १.५, दोहोंच्या सीमेवरून परतणारा प्रकाश ४ टक्क्यांऐवजी अवघा ०.०१ टक्का उरतो आणि तेलाने भरलेला ओरखडा दिसेनासा होतो. दोन-तीन वेळा गाडी धुतली की तेल जाते आणि जाळे परत दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने पुसून पाहिल्यास ओरखडे गेले की फक्त झाकले, हे तिथल्या तिथे कळते. पॉलिश करून घेणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी आपल्यासमोर करून मागावी.

‘९एच’ कडकपणाच्या सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर द्यायच्या कडक पारदर्शक थराचा, जो गाजावाजा चालतो त्याबद्दल स्पष्टच लिहायला हवे. ९एच ही पेन्सिलीची प्रत आहे: कोटिंगवर ४५ अंशांच्या कोनात पेन्सिल रेटायची आणि ओरखडा उठतो का ते पाहायचे, अशी ती चाचणी. खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस श्रेणीशी तिचा संबंध नाही. मोहस श्रेणीत ९ क्रमांकावर कोरंडम आहे, म्हणजे पॉलिशमधले घर्षक ॲल्युमिनियम ऑक्साइडच. सिरॅमिक कोटिंग उपयुक्त असते, वॅक्सपेक्षा बरेच अधिक टिकते, पण त्यावर ओरखडे पडतच नाहीत हा दावा खोटा आहे. गाडीवरील पाण्याचे थेंब भिंगासारखे ऊन एकवटून रंग जाळतात, हीदेखील अशीच एक दंतकथा. अर्धगोल थेंबाचा नाभीबिंदू त्याच्या माथ्यापासून त्रिज्येच्या सुमारे चौपट अंतरावर, म्हणजे पत्र्याच्या बराच खाली येतो. डाग पडतात ते पाणी सुकल्यावर मागे राहणाऱ्या क्षारांचे.

पॉलिशनंतरचे ओरखडे मुख्यतः धुताना आणि पुसतानाच पडतात. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झ असते आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या कपड्याने धूळ झटकली की प्रत्येक कण त्या कपड्याखाली एक ओरखडा पाडत जातो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धूळ उडवावी, मग भरपूर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या मऊ हातमोज्याने वरून खाली धुवावे, आणि मोजा प्रत्येक वेळी साबणात बुडवण्यापूर्वी दुसऱ्या बादलीतल्या साध्या पाण्यात खळबळून घ्यावा. चाके आणि दारांचा खालचा भाग सर्वांत शेवटी, वेगळ्या कपड्याने.