'साठी बुद्धी नाठी' हे खरं नाही

नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर सकाळी हे वाक्य हमखास कानावर पडतं: "साठी उलटली, आता विसरायला होणारच." म्हण जुनी आहे, पण चुकीची आहे.

चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो तेच न कळणं वेगळं. पहिलं वयाचं, दुसरं आजाराचं. रामकुंडावर रोज जाणारे आजोबा एक दिवस घरची वाट चुकले, तर ते 'म्हातारपण' म्हणून सोडून देऊ नका. भारतातल्या मोठ्या पाहणीनुसार साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू हिरावणारा मेंदूचा आजार, आहे. म्हणजे बाकीच्या नव्वदहून जास्त टक्क्यांना नाही! आणि ज्यांचं नाव डिमेन्शियाच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकाराला मिळालं, त्या जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी 1906 साली ज्या रुग्णाची माहिती मांडली, ती बाई आजारी पडली तेव्हा जेमतेम पन्नाशीची होती.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाचे 14 धोके मोजले आहेत: कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा वगैरे. ते आवरले तर जगातले सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येतील, असा अंदाज आहे. आपल्याकडे कानाच्या मशीनची लाज वाटते, हे मला सगळ्यात खटकतं.

शिवाय बी-12 ची कमतरता किंवा थायरॉइड बिघडल्यानेही विसराळूपणा येतो. तो बऱ्याचदा उपचाराने सुधारतो. त्यासाठी आधी रक्ततपासणी करा.