कुत्र्यांची अँटिबायोटिक्स आली कुठून?

पावसाळा लागला की ठाण्यातल्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या नेरूळ-खारघरपर्यंत घरोघरी तेच चालू असतं, कुत्र्याच्या पोटावर पुरळ, पायाच्या बोटांमध्ये ओलसर लाल, कानाला वास, आणि मग कोणीतरी सांगतं की अमुक गोळी दे, आमच्या ब्रूनोला दोन दिवसांत फरक पडला होता. हल्लीचे व्हेट मात्र लगेच गोळी लिहीत नाहीत, आधी त्वचेचा नमुना काचेच्या स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात, कधी कल्चर म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून कुठलं औषध चालतं ते बघायला सांगतात, आणि लोकांना वाटतं उगाच खर्च वाढवतात. असं का झालं हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

कुत्र्यांना देतो त्यातली बहुतेक औषधं मुळात माणसांसाठी आली. फ्लेमिंगला पेनिसिलिन दिसलं १९२८ मध्ये, मोठ्या प्रमाणावर बनायला लागलं दुसऱ्या महायुद्धात, आणि आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. पण कुत्र्याच्या त्वचेत मुख्य त्रास देतो तो स्टॅफिलोकोकस, आणि या जातीच्या जंतूंनी पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम फार लवकर कमावलं. मग त्या एन्झाइमला अडवणारं क्लॅव्हुलॅनिक अॅसिड अमॉक्सिसिलिनच्या जोडीला आलं, १९८१ च्या सुमारास. ती जोडी आणि सेफॅलेक्सिन हे दुसरं अँटिबायोटिक, त्वचेसाठी आजही व्हेटच्या चिठ्ठीत हीच दोन नावं जास्त दिसतात.

डॉक्सिसायक्लिनची गोष्ट वेगळी आहे आणि आपल्या भागासाठी जास्त महत्त्वाची, कारण येऊरच्या जंगलाला लागून असो की पाम बीचच्या कडेची सोसायटी, गोचीड सगळीकडे आहेत. गोचिडातून होणारा एर्लिकिया केनिस हा जंतू १९३५ मध्ये अल्जीरियात कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा सापडला, पण जगाचं लक्ष गेलं ते व्हिएतनाम युद्धात, जेव्हा अमेरिकन सैन्याचे जर्मन शेफर्ड नाकातून रक्त येऊन मोठ्या संख्येने मेले. तेव्हा टेट्रासायक्लिन वापरात आलं आणि पुढे त्याच घराण्यातलं डॉक्सिसायक्लिन, साधारण २८ दिवसांचा कोर्स. इथेच घोळ होतो, चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रं जेवायला लागतं, शेपटी हलवतं, आणि लोक गोळ्या बंद करतात, जंतू मात्र प्लीहेत लपून बसलेला असतो! शिवाय गोचिडातूनच होणारा बॅबेसिया हा जंतू नाही तर परजीवी आहे, तो नुसत्या डॉक्सीने जात नाही, म्हणून रक्त तपासल्याशिवाय 'टिक फीव्हर आहे, डॉक्सी चालू कर' म्हणणं धोक्याचं.

१९८० च्या दशकाच्या शेवटी एनरोफ्लॉक्सासिन आलं, हे खास प्राण्यांसाठी बनवलेलं. जोरदार औषध, म्हणून सरसकट वापरलं गेलं. वाढत्या पिल्लांच्या सांध्यांच्या कूर्चेला त्याने इजा होते हे माहीत असूनही लहान पिल्लांना मनाने दिलेलं पाहिलं की खरंच वाईट वाटतं, कारण ती इजा पुढे आयुष्यभर राहू शकते.

या सगळ्याचा हिशोब २००० नंतर समोर यायला लागला. कुत्र्याच्या त्वचेतला तो स्टॅफिलोकोकस म्हणजे स्वतंत्र जात, स्युडइंटरमीडियस, हे २००५ मध्ये ठरलं आणि त्याच दशकात त्याचे मेथिसिलिनला (पेनिसिलिनच्याच घराण्यातलं औषध) दाद न देणारे प्रकार अनेक देशांत पसरले. अशा जंतूवर सेफॅलेक्सिनही चालत नाही आणि क्लॅव्हुलॅनिकची जोडीही नाही, बऱ्याचदा बाकीची औषधंही हातातून गेलेली असतात. भारतात २०१४ पासून शेड्यूल एच१ लागू झालं, म्हणजे काही औषधांच्या विक्रीवर कडक नियम आले, तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स वगैरे देताना मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची. पण घरातल्या ड्रॉवरमध्ये उरलेल्या अर्ध्या स्ट्रिपला कुठलं रजिस्टर लागू होणार?

म्हणून आता वरवरच्या पायोडर्मासाठी, म्हणजे त्वचेच्या जंतुसंसर्गासाठी, आधी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू, फेस करून दहा मिनिटं अंगावर ठेवायचा आणि मग धुवायचा, बरेचदा गोळीची गरजच पडत नाही. आणि दोन-तीन कोर्स होऊनही पुरळ परत येत असेल तर स्वॅब घेऊन कल्चर, रिपोर्टला तीन-चार दिवस लागतात, आणि मुळाशी अॅलर्जी, पिसवा किंवा थायरॉइड आहे का तेही बघून घ्यावं लागतं.