कापल्याशिवाय मोजणे : कोॲक्सियल प्रोबमागचा इतिहास

आजच्या प्रयोगशाळेत पदार्थाचे डायइलेक्ट्रिक गुणधर्म, म्हणजे तो विद्युतक्षेत्राला कसा प्रतिसाद देतो, हे मोजणे दिसायला अगदी सोपे आहे. धातूची बारीक नळी, तिच्या मधोमध आणखी एक तार, दोहोंमध्ये टेफ्लॉन. नळीचे टोक सपाट घासलेले. हाच कोॲक्सियल प्रोब. हे टोक द्रवात बुडवायचे किंवा मऊ पदार्थावर टेकवायचे, आणि काही सेकंदांत पडद्यावर शेकडो मेगाहर्ट्झपासून कित्येक गिगाहर्ट्झपर्यंतचा आलेख उमटतो. पण इथवर यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. त्यातला बराचसा काळ पदार्थच उपकरणाच्या मापाने घडवला जात होता. उपकरणाने पदार्थाकडे जायचे, ही कल्पना फार उशिरा आली, आणि माझ्या मते या इतिहासातले खरे वळण तेच आहे.

सुरुवात मायकेल फॅरडेपासून करावी लागते. 1837 च्या सुमारास त्यांनी पितळी गोलाच्या आत दुसरा गोल बसवलेली दोन सारखी उपकरणे बनवली. एकातल्या पोकळीत लाखेची अर्धगोल वाटी घडवून बसवली, दुसऱ्यात हवाच ठेवली. मग एकाला विद्युतभार देऊन तो दोघांत वाटू दिला आणि कोणाकडे किती गेला ते पाहिले. लाखेच्या बाजूने जास्त भार घेतला. दोन वाहकांच्या मधला पदार्थ नुसता अडसर नसतो, तोही विद्युतक्षेत्राला प्रतिसाद देतो, हे त्यातून सिद्ध झाले. त्यासाठी लाखेला मात्र गोलांच्या मापात अचूक बसावे लागले होते.

पुढचा पेच पाण्याने घातला. मॅक्सवेलच्या सिद्धांतानुसार साध्या, अचुंबकीय पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्रात तो निर्वाताच्या किती पट ऊर्जा साठवतो हे सांगणारा आकडा) त्याच्या अपवर्तनांकाच्या वर्गाइतका असायला हवा. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, म्हणजे वर्ग सुमारे 1.77. पण मंद बदलणाऱ्या क्षेत्रात मोजले की पाण्याचा स्थिरांक 80 च्या आसपास येतो. म्हणजे कमी वारंवारता आणि प्रकाश यांच्या मध्ये कुठेतरी तो कोसळत असणार. हर्ट्झच्या प्रयोगांनंतर विद्युतचुंबकीय लहरी हाताशी आल्या आणि त्या मधल्या पट्ट्यात डोकावता येऊ लागले. 1890 च्या दशकात पॉल ड्रूड यांनी तारांवरच्या लहरी वापरून द्रव मोजले, तर जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात मिलिमीटर लहरींवर गंधक आणि काच यांचे अपवर्तनांक काढले.

कोडे उलगडले ते पीटर डिबाय यांनी. पाण्याच्या रेणूला धन आणि ऋण टोक असते. क्षेत्र फिरले की रेणूही फिरू पाहतो, पण त्याला थोडा वेळ लागतो. क्षेत्र फार वेगाने उलटू लागले की रेणू मागे पडतो, स्थिरांक घसरतो आणि बरीचशी ऊर्जा उष्णतेत जाते. 25 अंश सेल्सिअसला पाण्यात हे सर्वाधिक घडते सुमारे 19 गिगाहर्ट्झला, म्हणजे ऐन मायक्रोवेव्ह पट्ट्यात. त्यामुळे या पट्ट्यात एका आकड्याने भागत नाही. पदार्थ किती ऊर्जा साठवतो आणि किती गमावतो, हे दोन्ही प्रत्येक वारंवारतेला मोजावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात रडारमुळे मायक्रोवेव्ह स्रोत आणि जोडण्या एकदम प्रगत झाल्या. एमआयटीत आर्थर फॉन हिप्पेल यांच्या प्रयोगशाळेने या मोजणीला शिस्त लावली. 1946 मध्ये रॉबर्ट्स आणि फॉन हिप्पेल यांनी मांडलेली पद्धत अशी : वेव्हगाइडचे, म्हणजे लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीचे, एक टोक धातूने बंद करायचे, नमुना त्याला टेकवून आत बसवायचा, आणि अलीकडच्या भागातल्या फटीतून शोधक सरकवत उभ्या लहरीचा (जाणारी आणि परतणारी लहर मिळून बनलेल्या स्थिर लहरीचा) किमान बिंदू कुठे येतो ते पाहायचे. नमुना घातल्यावर तो किमान बिंदू जितका सरकतो आणि जितका उथळ होतो, त्यावरून दोन्ही आकडे निघतात. हे एका वारंवारतेला. पुढची वारंवारता हवी तर सगळे पुन्हा.

1970 मध्ये निकोल्सन आणि रॉस यांनी आणि 1974 मध्ये वेअर यांनी परावर्तित आणि पारगामी या दोन्ही लहरींवरून एका दमात गुणधर्म काढण्याची रीत दिली. आकडेमोड सुधारली, लेथवरचे काम तसेच राहिले. कोॲक्सियल मार्गात बसणारी चकती कातायची, मधे तारेसाठी भोक पाडायचे. धातू आणि चकती यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी उत्तर बिघडते.

सिरॅमिकचे हे चालेल, यकृताचे काय? 1970 च्या दशकात दोन बाजूंनी हा प्रश्न टोकदार झाला. एकीकडे मायक्रोवेव्हचा शरीरावर काय परिणाम होतो ही सुरक्षेची चिंता होती, दुसरीकडे गाठ तापवून कर्करोगावर उपचार करण्याचे प्रयत्न सुरू होते. दोन्हीकडे हिशेबाचा पाया एकच : ऊती किती ऊर्जा शोषते. ऊती कापून साच्यात भरली की रक्त निथळते, तापमान उतरते, पाणी उडू लागते. मोजले जाते ते भलतेच काहीतरी.

उत्तराचे बीज अँटेनाच्या सिद्धांतात होते. 1962 मध्ये जॉर्ज डेशाँ यांनी दाखवले की अँटेनाची बाधा (इम्पिडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध) तिच्याभोवतीच्या माध्यमावर ठराविक नियमाने अवलंबून असते. मग उलट जायला हरकत काय? बाधा मोजा, माध्यम ओळखा. 1976 मध्ये तानाबे आणि जॉइन्स यांनी उघड्या टोकाच्या लाइनने (लहर वाहून नेणाऱ्या तारांच्या मार्गाने) नमुना न मोडता मोजून दाखवले. 1980 मध्ये बर्डेट, केन आणि सील्स यांनी प्रोब जिवंत प्राण्यांच्या ऊतींवर वापरला. त्याच वर्षी कॅनडातील मारिया आणि स्टॅनिस्लॉ स्टुचली यांनी कोॲक्सियल परावर्तन पद्धतींचा सविस्तर आढावा घेतला आणि पुढची काही वर्षे उघड्या टोकाच्या प्रोबवर सातत्याने काम केले.

या टोकाशी काय घडते ते नीट पाहण्यासारखे आहे. लाइनमधून आलेली लहर उघड्या तोंडाशी बहुतांशी परत फिरते. पण मधली तार आणि बाहेरची नळी यांच्यातले क्षेत्र तोंडाबाहेर थोडे फुगते आणि समोरच्या पदार्थात शिरते. पदार्थ बदलला की परतणाऱ्या लहरीचे प्रमाण आणि कला (फेज) बदलते. कमी वारंवारतेला हे तोंड एका छोट्या कपॅसिटरसारखे वागते आणि सूत्र सोपे राहते. वारंवारता वाढली की त्यातून थोडे उत्सर्जनही होऊ लागते आणि गणित अवघड होते. लेथवरचा भार असा गणितावर आला, आणि तो पेलायला संगणकाशी जोडलेला नेटवर्क ॲनालायझर, म्हणजे अनेक वारंवारतांवर परतणारी लहर मोजणारे यंत्र, लागला. 1984 मध्ये आलेल्या ह्युलेट-पॅकार्डच्या 8510 सारख्या यंत्रांनी केबल आणि कनेक्टरच्या चुका आपोआप वजा करणे रोजचे केले. पुढे त्याच कंपनीचा प्रोबसंच बाजारात आला आणि ही पद्धत तज्ज्ञांपुरती राहिली नाही. फळे, धान्य, तेले, रसायने सगळ्यांवर ती चालू लागली.

कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे ज्ञात गोष्टी मोजून प्रोब जुळवून घेण्यासाठी, साधारणपणे तीन गोष्टी लागतात : तोंड हवेत मोकळे, तोंडावर धातूचा शॉर्ट, आणि ज्ञात तापमानाचे शुद्ध पाणी. ज्या पाण्याने मॅक्सवेलच्या सूत्राला पेच घातला होता, तेच आता मोजपट्टी झाले, कारण डिबायनंतर त्याचा प्रतिसाद सर्वात नीट अभ्यासला गेला.

1996 मध्ये गॅब्रिएल आणि सहकाऱ्यांनी 10 हर्ट्झ ते 20 गिगाहर्ट्झपर्यंत अनेक ऊतींचे गुणधर्म प्रसिद्ध केले. वरच्या वारंवारतांची मोजणी अशाच प्रोबने झाली होती. 2.45 गिगाहर्ट्झला स्नायूचा सापेक्ष स्थिरांक 53 च्या आसपास, तर चरबीचा जेमतेम 5. मोबाइल फोनमुळे डोक्यात किती ऊर्जा शोषली जाते याचे संगणकीय हिशेब आजही मोठ्या प्रमाणात या आकड्यांवर उभे आहेत.

पण प्रोबला दिसते ते तोंडासमोरचे काही मिलिमीटरच. 2007 मध्ये लॅझेब्निक आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या ऊतींचे मोठे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. कर्करोगाची गाठ आणि चरबी यांच्यात मोठा फरक होता, गाठ आणि निरोगी ग्रंथीऊती यांच्यात मात्र तो सुमारे 10 टक्क्यांपर्यंत खाली आला. मायक्रोवेव्हने गाठ शोधण्याची आशा ठेवणाऱ्यांना हा धक्काच होता. त्या तुकड्यात चरबी किती आणि ग्रंथी किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मोजणीशी जोडल्यामुळेच हा फरक उघड झाला.

म्हणून आता वाद सूत्रांपेक्षा नोंदींचा आहे. प्रोब किती दाबला, तोंडाखाली हवेचा बुडबुडा होता का, ऊती काढून किती वेळ झाला, तापमान काय होते, प्रोबने नेमका किती खोलीचा भाग पाहिला : हे लिहिलेले नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. 2018 मध्ये यासाठी किमान नोंदींचा एक आराखडाही सुचवला गेला. जुन्या तक्त्यांतल्या कित्येक आकड्यांसोबत यातले काहीच नाही, आणि ते आकडे आजही वापरात आहेत.