मण्यारीच्या चार अक्षरांतून माणसाची ओळख

सांगली जिल्ह्यात साप म्हटलं की बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आठवते. पण गुन्हेगार शोधून देणाऱ्या डीएनए फिंगरप्रिंटिंगमध्येही एका सापाचा मोठा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. तो नाग नव्हे, पट्टेरी मण्यार.

सापांमध्ये नर-मादी कशी ठरते, याचा अभ्यास भारतीय जनुकशास्त्रज्ञ डॉ. लालजी सिंह करत होते. मण्यारीच्या डीएनएत रासायनिक घटकांची चार अक्षरं पुन्हा पुन्हा येताना दिसली : जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए. हीच अक्षरं माणसातही निघाली, आणि ती किती वेळा येतात हे माणसागणिक बदलतं. इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये अशाच पुनरावृत्तींवरून माणूस ओळखून दाखवला होता. लालजी सिंहांनी हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत मण्यारीचा धागा धरून भारताची स्वतःची पद्धत उभी केली.

तपासणीत सगळा डीएनए वाचत बसत नाहीत. माणसामाणसांत तो ९९ टक्क्यांहून जास्त सारखाच असतो. मोजायच्या त्या फक्त पुनरावृत्ती. सातव्या गुणसूत्रावरच्या एका ठिकाणी ही चार अक्षरं एखाद्याला आईकडून ८ वेळा, वडिलांकडून ११ वेळा मिळालेली असतात. ८-११ ही जोडी कितीतरी जणांत सापडेल. पण अशी वीसेक ठिकाणं मोजली आणि प्रत्येक जोडी जुळली, तर एकसारखी जुळी भावंडं सोडता दुसरा माणूस निघणं जवळपास अशक्य. जोड्या जुळल्या नाहीत, तर संशयित सुटतो. मला ही बाजू जास्त मोलाची वाटते. डीएनए चाचणी वापरलेल्या पहिल्याच, लेस्टरजवळच्या खून प्रकरणात कबुली देऊन बसलेला तरुण या चाचणीनं निर्दोष ठरला. खऱ्या खुन्याला, कॉलिन पिचफोर्कला, १९८८ मध्ये जन्मठेप झाली.

यंत्र कितीही चांगलं असो, पुरावा शिवारातच नासू शकतो. ऊस भिजवलेल्या रानात रक्ताळलेला सदरा सापडला, तर मातीतली ह्युमिक आम्लं डीएनएच्या प्रती काढणारी पीसीआर प्रक्रियाच अडवतात. तो ओला सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, की आतल्या दमटपणात जिवाणू आणि बुरशी डीएनए खाऊन टाकतात. म्हणून तो हातमोजे घालून उचलायचा, उन्हात नाही, सावलीत वाळवायचा आणि कागदी पाकिटात ठेवायचा. पाकिटावर जागा, वेळ आणि सही. मग सील, आणि मगच प्रयोगशाळा.