श्वास रोखल्यावर आधी कोण ओरडतं?

पहिल्या वर्षाच्या नव्या बॅचला शरीरक्रियाशास्त्र शिकवताना पहिलं प्रॅक्टिकल मी नाक दाबूनच सुरू करते. एकीच्या बोटाला ऑक्सिमीटर, दुसरीच्या हातात स्टॉपवॉच. साधा श्वास घ्यायचा, नाक चिमटीत धरायचं आणि थांबायचं. पहिली वीस-पंचवीस सेकंदं चेहरा शांत असतो. मग गळ्याच्या शिरा ताणतात, पोट आपोआप उडायला लागतं आणि चाळीस सेकंदांच्या आसपास ती तोंड उघडून हवा ओढते. त्याच क्षणी मी ऑक्सिमीटरचा आकडा मोठ्याने वाचायला लावते. ९८. सुरुवातीलाही ९८च होता.

वर्ग गप्प होतो. ऑक्सिजन संपत आला म्हणून जीव घुसमटतो, असं बारावीपर्यंत सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. ओरडतो तो खरं तर कार्बन डायऑक्साइड. तो रक्तात साठला की आम्लता वाढते आणि मेंदूच्या देठातल्या पेशींना ते लगेच कळतं. हाल्डेन आणि प्रीस्टली या दोन शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये हे दाखवून दिलं. फुप्फुसातला हा वायू जरासा वाढला तरी माणूस जास्त श्वास घेऊ लागतो. ऑक्सिजनची तक्रार मात्र तो बराच खाली घसरल्यावरच जोर धरते.

इथे मी थांबून एक गोष्ट कळकळीने सांगते. उन्हाळ्यात विहिरीवर पोरं पाण्याखाली राहायच्या पैजा लावतात आणि बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच भरलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड तेवढा धुऊन निघतो. म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवल्यासारखं होतं. पाण्याखाली ऑक्सिजन संपतो, घंटा वाजत नाही आणि पोहण्यात पटाईत असलेला मुलगा न धडपडता बेशुद्ध होतो. असं कधीही करू नका आणि कुणाला करू देऊ नका.

पुढच्या आठवड्यात हृदय. मनगटावर तीन बोटं ठेवून संथ, खोल श्वास घ्यायला सांगितलं की विशीतल्या मुलांना स्वतःलाच जाणवतं: श्वास आत घेताना नाडी जरा जलद, सोडताना जरा मंद. बीपी मोजताना स्टेथोस्कोपमधून येणारे ठोके कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने सांगितले, तेही १९०५ मध्येच. शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. यातलं लिटरभराहून जास्त रक्त फक्त दोन मूत्रपिंडांकडे जातं, आणि दोघांचं मिळून वजन पाव किलोहून थोडं जास्त. एवढ्याशा अवयवाला एवढा वाटा कशासाठी, हा प्रश्न मुलांनी विचारावा म्हणून मी वाट बघते.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. घरात पाणी साठवायचं मोठं पिंप डोळ्यासमोर आणा. त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतं, बाकीचं सगळं मोजूनमापून रक्तात परत. अख्ख्या अभ्यासक्रमात मला सगळ्यात आवडतं ते यावरचं प्रॅक्टिकल. एकाला लिटरभर साधं पाणी प्यायला द्यायचं, दुसऱ्याला लिटरभर सलाइन, म्हणजे रक्ताइतकंच खारट पाणी. मग दर अर्ध्या तासाने दोघांची लघवी मोजायची. साधं पाणी प्यालेल्याची तासाभरात पाण्यासारखी स्वच्छ, भरपूर लघवी सुरू होते आणि दोन-तीन तासांत बहुतेक पाणी बाहेर. सलाइनवाला मोजपात्र घेऊन ताटकळत बसतो.

पाणी तेवढंच, मग फरक का? साध्या पाण्याने रक्त किंचित पातळ होतं. एक टक्का फरकही मेंदू हेरतो आणि पाणी अडवून धरणारं संप्रेरक बंद करतो. सलाइनने रक्ताचा खारटपणा बदलतच नाही, म्हणून मेंदू स्वस्थ राहतो आणि ते लिटर अंगात रेंगाळतं. मीठ जिथे राहतं तिथे पाणी राहतं, आणि पाणी राहिलं की हृदयावरचा भार वाढतो. बीपीच्या पेशंटला डॉक्टर पापड-लोणचं कमी करा म्हणतात, ते यासाठीच.

परीक्षेत मात्र श्वसन, हृदय, मूत्रपिंड ही वेगवेगळी प्रकरणं, वेगवेगळे मार्क. मुलं व्हायवात घडाघडा उत्तरं देतात, पण प्रकरणांमधल्या भिंती डोक्यात तशाच राहतात. त्या पडतात वॉर्डात.

एकदा माझ्या जुन्या बॅचची मुलं वॉर्डात एका पेशंटपाशी उभी होती. चाळिशीचा माणूस, दोन रात्री आडवा होऊ शकला नव्हता, उशांच्या ढिगाला टेकून धापा टाकत होता. एक मुलगा लगेच म्हणाला, "फुप्फुसाचा आजार." रिपोर्टमध्ये निकामी झालेली मूत्रपिंडं निघाली. न गेलेलं पाणी फुप्फुसात उतरलं होतं. न गेलेलं आम्ल श्वास वाढवत होतं, कारण रक्तातली आम्लता कमी करायला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याखेरीज दुसरी वाट उरली नव्हती. लाल पेशी बनवायचा हुकूमही मूत्रपिंडातूनच सुटतो, तो न सुटल्याने हिमोग्लोबिन ६ वर आलेलं आणि हृदय ती कसर भरायला धावत होतं.

त्या मुलाने हळूच घड्याळ काढून पेशंटचे श्वास मोजले. मिनिटाला ३४. संध्याकाळी, चार तासांच्या डायलिसिसनंतर, त्याने पुन्हा येऊन मोजले तेव्हा २० होते, आणि तो माणूस एकाच उशीवर झोपला होता.